खालच्या पेल्यात निळ्या

त्यांना सगळे गुळ्या म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हाक मारायला कधी कुणी वापरलं नाही. नाव पडायला कारण साधंच होतं. जंगलात चार माणसं ओळीने पाय उघडे टाकून बसली, तर तिघांच्या पायांवर मिळून जेवढे डास बसायचे, तेवढे एकट्या त्यांच्या पायांवर बसत. गुळाला मुंगळे, तसे. मी केंद्रात लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि ते पंचेचाळिशी ओलांडलेले, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे.

केंद्र म्हणजे जंगलाच्या कडेला पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या, पुढे सिमेंटचा व्हरांडा, मागे पाण्याची टाकी. पहिल्या खोलीत कपाटं आणि फ्रिज. दुसरीत खिडकीला लागून माझं टेबल, मायक्रोस्कोप, बारीक चिमटे, पांढऱ्या बश्या. तिसरीत पकडणाऱ्या माणसांचे बूट, रेनकोट आणि दोन खाटा. जंगलात कुठल्या जातीचे डास किती, त्यांच्यापैकी कोण माणसाला आजार देऊ शकतं, हे आमचं केंद्र बघायचं. त्यासाठी आधी डास हातात यायला हवेत. ते आणणं काकांचं काम, ओळखणं आणि मोजणं माझं.

काकांची पद्धत सगळ्यांत जुनी. झाडाखाली स्टुलावर बसायचं, पायात आखूड बूट, पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात काचेची नळी. नळीच्या एका टोकाला रबराचा पाइप, पाइपचं टोक ओठांत, मध्ये बारीक जाळी, म्हणजे डास तोंडात जाऊ नये. डास पायावर टेकला की नळी त्याच्यावर धरायची आणि हलका श्वास ओढायचा. डास आत. मग कागदी पेल्याच्या झाकणाला असलेल्या भोकातून फुंकून पेल्यात सोडायचा आणि भोकात कापसाचा बोळा. दर तासाला नवा पेला. दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत पाच तास, पाच पेले.

ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा बसून बघितलं. अर्ध्या तासात सतरा ठिकाणी फुगले आणि पेल्यात डास तीन. काकांना मात्र डास टोचायच्या आधी कळायचं.

"बघायचं नसतं गं," ते म्हणायचे. "बघत बसलीस तर डाव्या पायावरची उजवा पाय बघताना जेवून जाते. ती टेकली की लव हलते. तेवढं कळलं पाहिजे."

ते डासांना 'ती'च म्हणायचे, कारण चावतात त्या माद्याच. त्यावरून काकू त्यांना चिडवायच्या. "अहो, सहा दिवस त्या बायकांच्या घोळक्यात पाय उघडे टाकून बसता. सातव्या दिवशी तरी घरच्या बाईकडे बघा." काका हसायचे आणि मुकाट्याने पाण्याच्या कळश्या भरायला घ्यायचे.

काकूंचा धाकटा भाऊ केंद्रातच होता, काकांनीच लावलेला. काकांच्या लेकीचा तो मामा, म्हणून सगळ्या केंद्राचाच मामा झाला. उंच, सडपातळ, झाडावर सरसर चढणारा. जमिनीपासून साठ फुटांवर, झाडांच्या शेंड्यांशी आम्ही लाकडी मचाण बांधलं होतं. तिथे मामा बसायचा. कारण काही डास खाली उतरतच नाहीत. त्यांतली आमची महत्त्वाची म्हणजे 'निळी'. उजेडात धरली की अंग मोरपंखासारखं चमकतं. ती शेंड्यांवर माकडांचं रक्त पिते, आणि मचाणावर माणूस असला तर माणसाचं. खाली तपकिरी, पट्टेवाल्या, लांब सोंडेच्या अशा इतर. वर्षाकाठी एखाददुसरी निळी खाली सापडली तर आम्ही ती वहीत तांबड्या शाईने लिहायचो.

पकडणाऱ्यांना दर आठवड्याला गोळ्या होत्या, लशी होत्या. आणि दर सोमवारी मी त्यांचं बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचे आणि जंतू आहेत का बघायचे. काकांचं बोट मी नऊ वर्षं टोचलं. चारशेहून जास्त थेंब झाले असतील. एकाही थेंबात जंतू सापडला नाही, आणि मी दर वेळी "काका, पास" म्हणायचे.

साखर बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते आमचं कामच नव्हतं. ते सारखे पाणी प्यायचे, बारीक होत चालले होते, दोन डबे आणायचे ते एकावर आले. जंगलात राबणारा माणूस बारीकच असतो, असं आम्ही धरून चाललो.

दहाव्या वर्षी मॅडम आल्या. पस्तिशीच्या, मितभाषी, स्वतःची बॅग स्वतः उचलणाऱ्या. त्यांना डास पकडायच्या चार पद्धती शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायच्या होत्या. एक, जमिनीवर उघड्या पायांचा माणूस. दोन, मचाणावर उघड्या पायांचा माणूस. तीन, सापळा, म्हणजे एक छोटा दिवा, खाली पंखा, त्याखाली जाळीची पिशवी आणि बाजूला सुक्या बर्फाचा डबा. सुका बर्फ विरतो तेव्हा निघणारी हवा डासांना माणसाच्या श्वासासारखी वाटते. आणि चार, पाठीवर बांधायचं ओढयंत्र, ज्याने झाडांच्या ढोल्यांत आणि पालापाचोळ्यात लपून बसलेले डास खेचायचे. जंगलात चार जागा ठरल्या. जमिनीवरच्या पद्धतींनी रोज जागा बदलायच्या, म्हणजे एखादी जागाच डासांची असली तर एकाच पद्धतीचं नाव होऊ नये. बत्तीस दिवसांचं काम.

पहिल्या सकाळी मॅडमनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून स्पष्ट सांगितलं. "माणसाचे पाय आमिष म्हणून वापरणं मला पटत नाही. पण सापळा माणसाइतकं सांगतो का, हे माहीत नसताना माणसाला उठवताही येत नाही. म्हणून हे शेवटचं एकदा मोजायचं."

काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे माझी आणि त्या डब्याची शर्यत."

"शर्यत नाही, काका."

"असू द्या हो. हरायची भीती असते त्यालाच शर्यत नको असते."

सगळे हसले. मॅडमही.

मॅडमना काका आणि मामा यांनीही रोज अदलाबदल करायला हवी होती, एक दिवस हा वर, एक दिवस तो. पहिल्याच दिवशी काका शिडीपाशी गेले. तिसऱ्या पायरीवर डावा पाय घसरला. पडले नाहीत, हातांनी धरलं. पण ते खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघत राहिले, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याला विचारायचं होतं, अरे, झालं काय.

मामा झटकन पुढे झाला. "मॅडम, भाऊजींना उंचावर चक्कर येते. वर मीच बसतो रोज."

काकांना कधी चक्कर आलेली मी पाहिली नव्हती. मॅडमनी नाराजीने वहीत तशी नोंद केली आणि विषय तिथे संपला.

पहिल्या आठवड्याचे आकडे निघाले. सापळ्यात दिवसाला सरासरी दीडशे. मचाणावर मामाच्या पायावर नव्वद, त्यांतल्या चाळीसेक निळ्या. आणि काका? तीस. कधी बत्तीस, कधी सव्वीस. ज्या माणसाचं नाव गुळ्या, त्याच्या पेल्यात तासाला सहा डास.

मॅडमनी जुन्या वह्या काढल्या. दुपारभर त्या माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून पानं उलटत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चार वर्षांपासून उतरतोय आकडा. आधी हळूहळू, मग एकदम. डास कमी झालेत म्हणावं तर मामांचा आकडा आहे तसाच आहे."

"वय झालं असेल," मी म्हटलं.

"डासांना वय कळत नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीने काठावर एक प्रश्नचिन्ह काढलं. मी ते बघितलं आणि माझ्या बश्यांकडे वळले.

त्या संध्याकाळी काकांनी मला आकडा विचारला. मी सांगितला. त्यांनी सापळ्याचा विचारला, तोही सांगितला.  ते फडक्याने नळी पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती.

दहाव्या दिवसापासून काकांचे पेले भरायला लागले. पन्नास, साठ, एकदा एकाहत्तर. मॅडम बाहेरगावी सुका बर्फ आणायला गेल्या होत्या, त्यांनी फोनवर आकडा ऐकला आणि "बरं झालं" एवढंच म्हणाल्या. मला आनंद झाला. मी पेले फ्रिजमध्ये ठेवले, डास मेल्यावर बशीत ओतले, चिमट्याने एकेक वेगळा करायला लागले. तिसऱ्या तासाच्या पेल्यात एक निळी होती. मी तांबडा पेन उघडला. मग दुसरी दिसली. मग तिसरी. त्या एका पेल्यात अकरा निळ्या होत्या.

मी पेनाचं टोपण लावलं. चिठ्ठी पुन्हा वाचली. 'जमीन, जागा दोन, तास तिसरा.' अक्षर काकांचंच.

जमिनीवर अकरा निळ्या येत नाहीत. शेंड्यावरच्या डासांनी त्याच दिवशी, त्याच तासाला, नेमकं काकांनाच भेटायला साठ फूट खाली उतरायचं ठरवलं असेल, असं मानायला मला फार आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा टाकीपाशी हात धूत होता. मी जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "मामा, खालच्या पेल्यात निळ्या कशा आल्या?"

त्याने नळ बंद केला नाही. पाणी वाहतच राहिलं.

"ताईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी ताईंचं विचारलंच नाही."

"दर तासाला पंधरा मिनिटांची सुट्टी असते ना. मी पाणी प्यायला खाली उतरतो. गेल्या महिन्यात उतरलो तर भाऊजी बसलेले, नळी हातात, आणि नडगीवर डास. पिऊन तट्ट फुगलेला, लाल. एक नाही, चार. आणि भाऊजी समोर बघतायत. मी म्हटलं, भाऊजी, पाय. तर त्यांनी आधी उजवा पाय झटकला. डास डाव्यावर होते." त्याने ओले हात शर्टाला पुसले. "त्यांना कळतच नाही गं. पायात काही कळतच नाही. मग परवा त्यांचे आकडे पडलेले ऐकले आणि मी माझ्यातले थोडे त्यांच्या पेल्यात फुंकले. घाईत निळ्या वेगळ्या काढायला वेळ कुठे मिळतो?"

"त्यांना माहीत आहे?"

"मी सांगितलं नाही. ते लघवीला आडोशाला गेले की करतो."

"डॉक्टरकडे न्या त्यांना."

"म्हटलं होतं मी. म्हणाले, पायाला मुंग्या येतात, म्हातारपण आहे, डॉक्टर काय मुंग्या वेचणार आहे? आणि म्हणाले, बोललास तर मला कामावरून उठवतील. दोन वर्षं राहिलीत नोकरीची. एवढे बत्तीस दिवस जाऊ दे, मग मी स्वतः नेतो त्यांना. शप्पथ."

मी हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी टेबलाशी परत आले आणि त्या अकरा निळ्या वहीत 'तपकिरी' म्हणून लिहिल्या. त्यानंतर रोज तसंच करत गेले. आठ दिवस. दहा वर्षांत मी एक डास चुकीचा लिहिला नव्हता. मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू राखते आहे. पापडासारखी नाजूक गोष्ट सांभाळून नेते आहे, असंही वाटलं. मनाला फसवायला शब्द बरे सापडतात.

अठराव्या दिवशी दिवेलागणीला दोघं जंगलातून परतले. मॅडमही त्याच दिवशी आल्या होत्या, बर्फाचे डबे उतरवून घेत होत्या. काका व्हरांडा चढून माझ्या खोलीपर्यंत आले आणि पेले टेबलावर ठेवले. ते वळले तेव्हा मला सिमेंटवर ओल्या पावलांचे ठसे दिसले. फक्त डाव्या पायाचे. ओढ्यातून आले असतील, म्हणून मी फडकं आणून पुसायला वाकले. फडकं तांबडं झालं.

"रक्त आहे," मी म्हटलं.

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "कुणाला लागलं?" त्यांनी विचारलं.

मामाने त्यांना खाटेवर बसवलं आणि बूट ओढला. रबरी बुटाच्या तळव्यातून एक खिळा आत गेला होता, बोटभर लांब. तो बुटातच राहिला. मोज्यातून जो वास आला त्याने मॅडम दारातच थांबल्या. जखम आजची नव्हती. तळवा काळानिळा पडला होता आणि दोन बोटांच्या मध्ये पू होता. तीन दिवस तरी ते त्या खिळ्यावर चालत होते. रोज दोन मैल जात होते आणि दोन मैल येत होते.

काका आपला पाय मांडीवर घेऊन बघत होते. "दुखत तर नाहीये," ते म्हणाले. एवढ्या जणांना घाबरलेलं बघून त्यांनाच आमची समजूत घालावीशी वाटली असावी.

मॅडमनी जीप काढली. वाटेत काकूंना घेतलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मधुमेह किती वर्षांपासून?"  त्यांनी बोट टोचलं, यंत्रावर आकडा आला, तो त्यांनी दोनदा बघितला. मी त्या बोटाकडे बघत होते. माझ्याच सुयांच्या जागा होत्या त्यावर.

बाहेरच्या बाकावर काकूंनी भावाला विचारलं, "पायात कळत नाही म्हणाले डॉक्टर. वर्षानुवर्षं कळत नसेल म्हणाले. तुला माहीत होतं?"

मामा खाली बघत राहिला.

"मी विचारतेय. तू रोज बरोबर होतास. तुला माहीत होतं का?"

"ताई, दोन वर्षं राहिली होती फक्त—"

काकू उठल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं सोडलं.

आधी दोन बोटं गेली. मग अर्धं पाऊल. हॉस्पिटलमधल्या बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. लांबून लेक आली होती, तिने सही केली. काकूंना पेन धरवेना.

मी मॅडमना त्याआधीच सांगितलं होतं, पहिल्या ऑपरेशनच्या रात्रीनंतर सकाळी. माझ्या टेबलावर वही, चिठ्ठ्या, सगळं समोर ठेवून. कुठल्या ओळीत किती निळ्या तपकिरी झाल्या तेही, कारण मला ते पाठ होतं. मॅडमनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी वही स्वतःकडे ओढून जुनं पान उघडलं, ते पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं तिथे.

"हे मी काढलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी उठून त्यांना विचारायचं होतं मला. मग वाटलं, आकडे पुरे होऊ देत. आधीच विचारलं तर ते जास्त जपून बसतील आणि तुलना बिघडेल." त्यांनी वही मिटली. "तुम्ही तुलना बिघडवलीत. मी बिघडवली नाही. पण गप्प दोघीही बसलो, बघा आता."

त्यांनी आम्हाला वाचवलंही नाही. वर लिहून कळवलं, जसं झालं तसं, स्वतःच्या प्रश्नचिन्हासकट. मामाला जंगलातून काढून गोदामात टाकलं. मला लेखी समज मिळाली आणि वर्षभर माझी प्रत्येक बशी दुसऱ्या कुणीतरी तपासली. अठरा दिवसांचं काम खोडलं. मॅडमनी सगळं पुन्हा केलं, दुसऱ्या दोन माणसांना घेऊन. आणि त्या महिन्यापासून केंद्रात सोमवारच्या थेंबाबरोबर साखरही बघायला लागलो. पहिल्याच सोमवारी स्वयंपाक्याची निघाली.

काकांना भेटायला मी जवळजवळ तीन महिन्यांनी गेले. धीर झाला नव्हता. ते खिडकीशी खुर्चीत होते, मांडीवर घडी घातलेली चादर, डाव्या बाजूला ती सपाट. काकूंनी चहा ठेवला, बिनसाखरेचा, तिघांनाही तसाच. त्या आत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. निळ्या, टाकीपाशी झालेलं बोलणं, वही.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"मामांनी सांगितलं?"

"तो कशाला सांगतोय. पेला माझ्या हातात असायचा. झाकण लावताना आत बघतो माणूस. सव्वीस वर्षं डास धरले मी, मला निळी ओळखता येत नाही होय?" त्यांनी कप खाली ठेवला. "पहिल्या दिवशी दिसल्या तेव्हा ओतून टाकणार होतो. हात गेला झाकणाला. मग तो डबा दिसला, सापळा. त्याच्याभोवती घोंघावत होत्या. मी झाकण घट्ट लावलं आणि चिठ्ठी लिहिली."

मी माझा कप त्यांच्या कपाशेजारी ठेवला.

"पाय गेल्याचं ठीक आहे," ते म्हणाले. "पाय काय, आधीच गेला होता. पण ती चिठ्ठी मी लिहिली. माझ्या अक्षरात. मॅडम काय म्हणाल्या त्यावर?"

"काही नाही म्हणाल्या."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे वाईट वाटलं त्यांना."

मग त्यांनी तुलनेचं विचारलं. नव्याने केली ना, निघालं काय? मी सांगितलं की सापळ्यात डास भरपूर येतात, नवा माणूस बसतो त्याच्या तिप्पट. पण जाती कमी. ओढयंत्रात पिऊन बसलेले सापडतात, म्हणजे कुणाचं रक्त प्यायले ते कळतं. आणि निळ्या मात्र सापळ्यात येत नाहीत, त्या मचाणावर माणसाच्याच पायावर येतात.

त्यांचा चेहरा उजळला. काकूंनी आतून डोकावून बघितलं, आजारपणात पहिल्यांदाच इतका आवाज चढला त्यांचा. "येणारच नाहीत. तिला लव लागते, घाम लागतो, जिवंत ऊब लागते. डब्याला कुठली ऊब. मग निळ्यांचं काय करणार आता?"

"मॅडम सापळा दोरीने शेंड्यापर्यंत चढवून बघणार आहेत. बर्फ दुप्पट घालून."

"बघू देत. येणार नाहीत. मला विचार तू."

पुढच्या खेपेला सापळा वर चढवला. पहिल्या दिवशी पिशवीत सात निळ्या होत्या, दुसऱ्या दिवशी एकोणीस. मॅडमनी अहवालात लिहिलं की उघड्या पायांची पद्धत बंद करायला हरकत नाही, आणि केंद्रात ती बंद झाली. ते योग्यच झालं. स्टुलं अजून गोदामात आहेत, त्यांवर कागदी पेल्यांची खोकी ठेवतात.

मी त्यानंतर काकांकडे चार-पाच वेळा गेले. दर वेळी ते विचारायचे, "आल्या का?" आणि मी दर वेळी "नाही" म्हणायचे. हे दुसरं खोटं मी कुणाला कबूल केलेलं नाही, आणि पहिल्यासारखी त्याची लाजही वाटत नाही. त्यांना ते पटत होतं की नाही, माहीत नाही. शेवटच्या वेळी ते नुसते हसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

दीड वर्षाने मूत्रपिंडं गेली. शेवटचे दोन महिने त्यांना आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलला न्यावं लागायचं. न्यायचा मामा. काकू त्याच्याशी बोलत नव्हत्या, पण दार उघडायच्या. तो काकांना पाठीवर घ्यायचा, पायऱ्या उतरायचा, रिक्षात बसवायचा. एकदा मी तिथेच होते. काका त्याच्या पाठीवरून म्हणाले, "अगं, बोल की त्याच्याशी. त्याने माझ्यासाठीच केलं."

"म्हणूनच तर," काकू म्हणाल्या. "शत्रूने केलं असतं तर मी कधीच विसरले असते."

काका गेले ते सकाळी, हॉस्पिटलमध्येच, मामा त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला असताना. मॅडम तीनशे मैलांवरून गाडी चालवत आल्या आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.  जाताना काकूंचे हात हातात घेतले आणि काहीतरी म्हणाल्या. काय, ते मला ऐकू आलं नाही. काकूंनी नुसती मान हलवली.

आता काकू मामाच्या घरी राहतात. लेक लांब असते, आणि त्यालाही दुसरं कुणी नाही. महिन्यातून एकदा मी जाते. जेवायची वेळ असली तर काकू आधी माझं ताट वाढतात, मग त्याचं. त्याला काय हवं ते विचारत नाहीत, पण त्याला लागेल तेवढंच वाढतात, कमी नाही, जास्त नाही. तोही खाली मान घालून जेवतो. भात संपला की ताट जरा पुढे सरकवतो, आणि त्या उठून आणखी घालतात.